मरुत्सखा उडाले काय?

(बी. कॉम. भाग ३, मराठी विभाग)

विमानाचा शोध कोणी लावला, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत आला म्हणजे आपण सर्वजण 'राइट बंधू' असे लिहितो व गुण मिळवतो. परीक्षेच्या खोलीबाहेर पडताच मात्र कोणीतरी हमखास म्हणते की, खरे पाहता राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी आपल्या मुंबईत शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले होते. उत्तरपत्रिकेत एक उत्तर आणि मनात दुसरे, अशी ही आपली स्थिती आहे. विमानविद्येच्या इतिहासात विचित्र प्रायोगिक यंत्रांची वाण नाही. पण मराठी माणसाला ज्याची खरी उत्सुकता आहे ते यंत्र म्हणजे तळपद्यांचे 'मरुत्सखा'. म्हणून प्रस्तुत लेखात त्याच्यापासूनच सुरुवात करते.

तळपदे (१८६४–१९१६) हे मुंबईचे, पाठारे प्रभू समाजातील. सर जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता, संस्कृतचा व्यासंग होता आणि वेदांतील विमानविषयक उल्लेखांवरून प्रत्यक्ष यंत्र बांधता येईल अशी त्यांची श्रद्धा होती. कथा अशी सांगतात की, १८९५ साली त्यांनी चौपाटीवर लोकांसमक्ष 'मरुत्सखा' नावाचे मनुष्यविरहित विमान सोडले. ते १५०० फूट उंच गेले आणि मग खाली कोसळले. पाहणाऱ्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड होते, व 'केसरी'ने ही बातमी छापली. पुढे इंग्रज सरकारच्या दडपणाने मदत आटली, आणि तळपद्यांच्या मृत्यूनंतर यंत्राचे अवशेष एका इंग्रजी कंपनीला विकले गेले. २०१५ साली या कथेवर 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही निघाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईला भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानांवर निबंध वाचला गेला आणि वर्तमानपत्रांत बराच धुरळा उडाला.

ही कथा केवळ मुंबईपुण्याची नाही. माझे गाव मुधोळ. कन्नड विभागातल्या मैत्रिणींना हे नाव सांगितले की त्या लगेच शिकारी कुत्र्यांची चौकशी करतात. पण ते मुधोळ बागलकोट जिल्ह्यातले. आमचे मुधोळ तेलंगणातले, बासरच्या सरस्वतीच्या शेजारचे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेले. घरात मराठी, आईच्या माहेरची कन्नड, आणि बाजारापुरती तेलुगू अशी आमची रीत. इतक्या दूरच्या आमच्या मराठी शाळेतही वक्तृत्व स्पर्धेत तळपदे दरवर्षी उड्डाण करीत. टाळ्याही पडत.

माझे एक काका भैंशाला जिनिंगमध्ये मुनीम आहेत. गेल्या दिवाळीत त्यांच्यापाशी हा विषय निघाला.

"अगं, केसरीत आलं होतं म्हणे," काका म्हणाले.

मी विचारले, "कोणत्या तारखेच्या केसरीत, काका?"

"ते मला काय ठाऊक?" काका हसले. "तारीख असल्याशिवाय मी वहीत कापसाची एक गाठसुद्धा चढवत नाही, एवढं मात्र खरं."

काकांनी हे सहज म्हटले असेल. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला यापेक्षा चांगली वाट कोणी दाखवली नसती. आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात की रोजकीर्दीत नोंद करायची तर पाठीशी पावती किंवा व्हाउचर हवे, आणि नोंदीवर त्या व्यवहाराची तारीख हवी. दहा वर्षांनी आठवणीने लिहिलेली रक्कम कोणताही हिशेब तपासनीस मान्य करणार नाही, मग लिहिणारा कितीही प्रामाणिक असो. हाच नियम विमानांना लावून पाहू या.

तळपद्यांच्या खात्यात काय सापडते? चौपाटीचा दिवस कोणता, यावर सांगणाऱ्यांचे एकमत नाही. 'केसरी'चा हवाला सर्वजण देतात. परंतु अंकाची तारीख, पान किंवा कात्रण त्या हवाल्यासोबत छापलेले मी वाचलेल्या एकाही लेखात नाही. छायाचित्र नाही, मोजमापाचा आराखडा नाही. १५०० फूट म्हणजे कुतुबमिनारच्या सहापट उंची. ती चौपाटीवर उभे राहून कोणी व कशी मोजली, हेही कोणी सांगत नाही. अवशेष विकले गेल्याची गोष्ट तर मला विशेष वाटते. वह्या तपासायला मागितल्या की 'त्या गेल्या सालच्या आगीत जळाल्या' असे सांगणारे व्यापारी असतात, असे काका सांगतात. वह्या खरोखर जळाल्याही असतील. परंतु त्यामुळे रक्कम सिद्ध होत नाही.

याचा अर्थ १८९५ च्या सुमारास मनुष्यविरहित यंत्र उडणे अशक्य होते, असा मुळीच नाही. उलट ते दशकच अशा खटाटोपांनी भरलेले होते, आणि त्यांतील काही यंत्रे इतकी चमत्कारिक होती की मरुत्सखा त्यांच्या पंक्तीत सहज शोभले असते.

इंग्लंडात हायरम मॅक्सिम या मशीनगनवाल्या गृहस्थाने साडेतीन टन वजनाचे वाफेचे अवाढव्य यंत्र रुळांवर उभे केले. ते फार वर उठू नये म्हणून चाकांच्या वरच्या बाजूला आणखी लाकडी रूळ लावले होते. ३१ जुलै १८९४ रोजी यंत्राने वेग घेतला, वर उचलले गेले, तो वरचा रूळ मोडला आणि सगळाच खेळ आटोपला. उचल मिळाली, पण हवेत गेल्यावर तोल कसा सांभाळायचा याचा विचारच केला नव्हता. जर्मनीत ओटो लिलिएंटाल इंजिनाशिवाय, विलोच्या काठ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडी पंखांनी टेकडीवरून उतरत असे. १८९१ ते १८९६ या काळात त्याने सुमारे २००० उतरणी केल्या. १८९६ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका उतरणीत तो पडला व दुसऱ्या दिवशी वारला. त्याच्या उड्डाणांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

आणि अमेरिकेत, मरुत्सखाच्या सांगितलेल्या वर्षानंतर एकच वर्षाने, ६ मे १८९६ रोजी सॅम्युएल लँगली यांचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले छोटे विमान पोटोमॅक नदीवर सुमारे १००० मीटर उडाले. बघायला कोण होते? टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्यांनी नुसते पाहिले नाही, छायाचित्रही काढले. म्हणजे तळपद्यांवर जो दावा लादला जातो, जवळजवळ तसेच काम लँगलींनी केले, आणि त्याची तारीख, अंतर, साक्षीदार व चित्र ही चारही व्हाउचरे जाग्यावर आहेत. याच लँगलींनी १९०३ साली माणूस बसवून मोठे यंत्र सोडले, तेव्हा ते ७ ऑक्टोबरला आणि पुन्हा ८ डिसेंबरला नदीत आपटले. तीही नोंद आहे. त्यानंतर नवव्या दिवशी, १७ डिसेंबरला, राइट बंधूंचे यंत्र १२ सेकंदांत १२० फूट गेले. त्याच दिवशीच्या चौथ्या फेरीत ते ५९ सेकंद टिकले व ८५२ फूट गेले. पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र आहे, पाच साक्षीदार आहेत, रोजनिशी आहे. त्याआधी १९०१ साली त्यांनी एका लाकडी पेटीत पंख्याने वारा सोडून शेकडो छोटे पंख तपासले होते, त्यांचेही आकडे आहेत.

मला मात्र या सर्वांपेक्षा एका फ्रेंच माणसाची हकीकत अधिक उपयोगी वाटते. क्लेमां आदेर याने वटवाघळाच्या पंखांसारखे पंख असलेले वाफेचे यंत्र केले. ९ ऑक्टोबर १८९० रोजी ते सुमारे ५० मीटर अंतर जमिनीपासून वीतभर उंचीवर सरकत गेले. त्याला उड्डाण म्हणावे की उडी, हा वाद अजून आहे. पुढे फ्रेंच लष्कराच्या पैशाने त्याने नवे यंत्र बांधले. ऑक्टोबर १८९७ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसमोर चाचणी झाली, यंत्र वाऱ्याने भरकटले व मोडले, आणि लष्कराने पैसा थांबवला. नऊ वर्षे गेली. १९०६ साली पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ याने सर्वांदेखत विमान उडवले, तेव्हा आदेर म्हणू लागला की मी तर १८९७ मध्येच ३०० मीटर उडालो होतो. फ्रान्समध्ये अभिमानाची लाट आली. शेवटी १९१० मध्ये लष्कराने चाचणीचा मूळ अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यात यंत्र उडाल्याचे काहीही नव्हते. तरीही फ्रेंच लोकांनी आदेरला टाकून दिले नाही. त्याने आपल्या यंत्राला दिलेले 'आव्हियाँ' हे नावच फ्रेंच भाषेत विमानाचा शब्द होऊन बसले. दावा वजा झाला तरी माणूस शिल्लक राहिला. आपल्याकडे मात्र दाव्याला हात लावला की माणसाचा अपमान झाला असे समजतात.

आता यंत्राच्या पोटाकडे वळू. मरुत्सखा कशावर चालत होते याची दोन उत्तरे सांगितली जातात, आणि दोन्हींत पारा आहे. एका मतानुसार बांबूच्या नळकांड्यात पारा होता, त्यावर सूर्यप्रकाश पडून हायड्रोजन निघाला आणि त्या हलक्या वायूने यंत्र वर गेले. आता पारा हे मूलद्रव्य आहे. त्यात हायड्रोजन नाहीच, तर उन्हाने तो निघणार कोठून? घटकाभर धरून चालू की हायड्रोजन दुसरीकडून आणला. एक घनमीटर हायड्रोजन हवेत साधारण सव्वा किलोसुद्धा उचलत नाही, १.१ किलो धरा. एक मीटर व्यासाचे आणि पाच मीटर लांबीचे नळकांडे घेतले तर त्यात सुमारे ३.९ घनमीटर वायू मावेल, म्हणजे उचल जेमतेम सव्वाचार किलो. तेवढ्यात बांबूचेही वजन भागत नाही. त्यात पारा पाण्याच्या १३.६ पट जड! शिवाय वायूच्या बळावर वर गेले तर ते फुगा ठरेल, विमान नव्हे. हायड्रोजनचा फुगा पॅरिसमध्ये १७८३ सालीच उडाला होता.

दुसरे उत्तर अधिक आधुनिक आहे. ते म्हणजे पाऱ्याचे 'आयन इंजिन', जे अमेरिकेच्या नासाने फार उशिरा केले. नासाने २० जुलै १९६४ रोजी पाऱ्यावर चालणारे आयन इंजिन अवकाशात चालवून पाहिले, हे खरेच आहे. पण त्याचा रेटा किती? काही ग्रॅम. टेबलावरचा एखादा कागद उचलण्याइतका. असे इंजिन अवकाशाच्या पोकळीतच उपयोगी पडते, कारण तेथे हवेचा अडथळा नसतो आणि घाईही नसते. चौपाटीच्या वाळूवरून ते स्वतःलाही उचलू शकणार नाही. ज्याने कोणी हे इंजिन तळपद्यांच्या यंत्रात बसवले त्याने नंतरच्या काळातील शब्द आधीच्या काळात नेऊन ठेवला, एवढाच याचा अर्थ.

कथेचा दुसरा अर्धा भाग आपल्या मासिकाच्या कन्नड विभागाच्या हद्दीत आहे, आणि मजा अशी की मराठी वाचकांना पहिला भाग ठाऊक असतो, कन्नड वाचकांना दुसरा, व दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. मराठी कथेत म्हटले जाते की तळपद्यांनी 'वैमानिक शास्त्र' या भरद्वाजकृत ग्रंथाच्या आधारे, पंडित सुब्बराय शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली विमान बांधले. हे शास्त्री (१८६६–१९४०) बेंगळुरूजवळच्या आनेकलचे. भरद्वाज ऋषींचे ज्ञान आपल्याला अंतःस्फूर्तीने प्राप्त झाले असे ते सांगत. त्यांनी ते श्लोक वेंकटाचल शर्मा यांना सांगितले व शर्मांनी ते उतरून घेतले. हे लेखन चालले १९१८ ते १९२३ या काळात. चित्रे काढली बेंगळुरूच्या एल्लप्पा नावाच्या आरेखकाने, तीही १९२३ च्या सुमारास. ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला म्हैसूरच्या जी. आर. जोसयर यांनी, १९७३ साली.

तारखा एकाखाली एक लिहा. विमान १८९५. तळपद्यांचा मृत्यू १९१६. ग्रंथाच्या लेखनाला आरंभ १९१८. तेरीज जुळत नाही!

आणि ही तेरीज बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ सालीच मांडून ठेवली आहे. मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजु अशी त्यांची नावे. (यांतील देशपांडे आडनावावर आपल्या दोन्ही विभागांना हक्क सांगता येईल.) त्यांनी ग्रंथाची थट्टा केली नाही, हे मला विशेष आवडले. आधी हस्तलिखिताचा माग काढला, मग भाषा तपासली, आणि श्लोकांची संस्कृत भाषा वैदिक नसून अर्वाचीन आहे, ग्रंथ विसाव्या शतकाच्या आधीचा नाही, असे ठरवले. त्यानंतर शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांची दिलेली मापे घेऊन, विमानाचा अभियंता जसे गणित करील तसे केले. चारांपैकी एकही उडू शकत नाही, असे उत्तर आले. चित्रांत तर त्या काळच्या कारखान्यातील यंत्रांचे भाग स्पष्ट दिसतात. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद अशी: शास्त्रींच्या मार्गदर्शनाने मुंबईच्या तळपद्यांनी काही प्रतिकृती बांधून पाहिल्या, परंतु त्यांपैकी एकही त्यांना उडवता आली नाही, असे या लेखात म्हटले आहे. म्हणजे तळपद्यांच्या प्रयोगांचा कागदोपत्री माग मिळतो तो कन्नड बाजूने, आणि तो अपयशाचा आहे.

याने मला वाईट वाटले का, असे मैत्रिणीने विचारले. खरे सांगू? तळपदे मला यानंतर अधिक जवळचे वाटू लागले. चौपाटीचा तळपदे चित्रपटातला वाटतो. बांबू, कापड आणि संस्कृत पोथी घेऊन, हाताशी कारखाना नाही, हलके इंजिन नाही, पंख तपासायची पेटी नाही, अशा अवस्थेत एकामागून एक प्रतिकृती बांधणारा आणि त्या उडत नाहीत हे पाहणारा माणूस मला ओळखता येतो. मॅक्सिमजवळ बंदुकांचा पैसा होता, लँगलींजवळ सरकारी संस्था होती, तरी त्यांचीही यंत्रे मोडली.

'मरुत्' हे नाव पुढे एका खऱ्या विमानाला मिळाले, हा योगायोगही येथे सांगायला हवा. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांनी भारतीय सहकाऱ्यांसह 'मरुत' हे लढाऊ जेट विमान तयार केले, आणि ते १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. परंतु त्याच्याआधी एक फारच विलक्षण प्रायोगिक विमान झाले, ज्याची कोणी आठवण काढत नाही. मरुतच्याच आकाराचे, पूर्ण मापाचे, पण लाकडी आणि इंजिन नसलेले! डाकोटा विमानाने ते ओढत वर न्यायचे, सोडून द्यायचे, आणि वैमानिकाने घरंगळत खाली आणायचे. उतरता उतरता तोल, वळणे व वेग तपासायचे. १९५९–६० मध्ये अशी ७८ उड्डाणे झाली. लढाऊ जेटचे तट्टू आधी लाकडाचे करून पाहणे, हे मला आपल्याकडच्या सुताराच्या पद्धतीचे वाटते. मरुतला पुढे हवे तितके जोरदार इंजिन कधीच मिळाले नाही व ते आवाजाच्या दुप्पट वेगाचे स्वप्न गाठू शकले नाही, हेही त्याच नोंदींत आहे.

मुंबईलाही तिचे घरगुती विमान मिळाले, मात्र तळपद्यांनंतर शंभर वर्षांनी. कांदिवलीच्या चारकोप भागातील अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. त्यांनी इमारतीच्या गच्चीवर, अनेक वर्षे खपून, सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते भाग सुटे करून क्रेनने खाली आणले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारी नोंदणी होऊन त्याला 'व्हीटी-एनएमडी' ही अक्षरे मिळाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि पुढच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. गच्चीवर विमान बांधणे ही गोष्ट चौपाटीच्या कथेहून कमी अद्भुत नाही. पण येथे प्रत्येक पायरीला तारीख आहे. विमानाच्या नावात 'टीएसी-००३' असा तिसरा क्रमांक आहे, कारण त्याआधीची दोन यंत्रे उड्डाणापर्यंत पोचली नव्हती. ती दोन्ही त्यांनी मोजणीतून वगळली नाहीत.

तळपद्यांची अशी एखादी वही कोणाच्या माळ्यावर, कापडात गुंडाळलेली, अजून पडली असेल काय? त्यात बांबूचा भाव असेल, कापडाचा खर्च असेल, मजुरी असेल, आणि एखाद्या तारखेपुढे 'आज उडाले नाही' एवढेच लिहिलेले असेल. ती वही मिळाली तर मी चौपाटीचे १५०० फूट बाजूला ठेवून ती आधी वाचीन.